मोराच्या पंखाखालची रेघ

१

खंडेराव सांगळ्यांनी किटली टेबलावर इतक्या जोरात ठेवली, की मोतीराम बोडक्यांना वाटलं, पुरावा बोलायच्या आधीच फुटला. पण किटली फुटली नाही. पांढरीशुभ्र किटली, पोटावर पंख मिटून बसलेला मोर, झाकणावर कोयरी. नक्षी येवल्याच्या पैठणीच्या पदरावरून उचललेली, पण रंगवलेली नव्हे. मातीतच उठवलेली होती.

"ही नक्षी माझी आहे आणि किटली माझी नाही," खंडेराव म्हणाले. "परवा नाशकात मेनरोडच्या दुकानात ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. बुडाला शिक्का त्या वाघचौऱ्याच्या पॉटरीचा. माझा एक नग अजून या फाटकाबाहेर गेलेला नाही. दिवाळीला बाजारात काढणार होतो. आता मी काढली तर लोक मलाच म्हणतील, सांगळ्यानं वाघचौऱ्याची नक्कल मारली!"

कुंभमेळा होऊन वर्ष झालं होतं. सिन्नरच्या एमआयडीसीत सांगळ्यांची पॉटरी जुनी. कपबशा, बरण्या, हॉटेलांच्या थाळ्या असा माल इथं निघायचा. मोतीराम पोलिसात सहायक फौजदार होते. निवृत्तीनंतर नाशिकरोडला एक खोली घेऊन लोकांच्या चोऱ्या शोधत होते. मातीकामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"पोलिसात का नाही गेलात?"

"जाणारच आहे. आज संध्याकाळी. पण नाव घेऊन जायचंय. नाव माझ्याकडं तयार आहे, तुम्ही फक्त त्याच्या तोंडून वदवून घ्या."

"मग मला कशाला बोलावलंत? वदवायला काठी पुरते."

खंडेरावांचे डोळे बारीक झाले. "बोडके, जीभ नाशकात ठेवून यायची. अबरार शेख. माझा साचेवाला. वीस वर्षं माझं मीठ खाल्लं. साच्यांच्या खोलीची चावी त्याच्या कमरेला, दुसरी कुणाकडं नाही. आणि वाघचौऱ्याकडं साचे कोण करतो माहितीये? सलीम. अबरारचा सख्खा साडू. अजून काय पाहिजे?"

तेवढ्यात चहा आला. घेऊन आल्या आक्काबाई. खंडेरावांची थोरली बहीण, विधवा, सत्तरीला टेकलेली, अंगानं काटकुळी पण नजर घारीची. त्यांनी ताटातला कप उचलला, बोटाचं पेर वाकवून त्यावर टिचकी मारली. टणत्कन वाजला. दुसरा वाजला. तिसरा नुसताच थप्प बोलला. तो त्यांनी बाजूला काढला आणि मग चहा ओतला.

"सवय हो तिची," खंडेराव म्हणाले. "भट्टीतनं निघालेला प्रत्येक नग आक्काच्या बोटाखालनं जातो. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, हिच्या कानाला कळतो. लग्नात जेवायला गेली तरी ताटवाट्या वाजवून बघते."

"वाजवल्याबिगर खरं-खोटं कळत नाय," आक्काबाई म्हणाल्या.

टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती म्हणून खंडेरावांनी किटली त्यांच्याकडं सरकवली. आक्काबाईंनी हात मागं घेतला, ताट खुर्चीवर ठेवलं आणि पदर सावरत निघून गेल्या. मोतीरामांना काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

इतक्यात बाहेर काहीतरी फुटल्याचा मोठा आवाज झाला, आणि पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, "चोराला बाहेर काढा!"

२

साच्यांच्या खोलीच्या दारावर कुणीतरी बरणी फेकून मारली होती. उंबऱ्यात खापऱ्यांचा सडा पडलेला. अंगणात दहाबारा कामगार उभे होते. मोतीरामांना बघून कुणी सरकलं नाही. एकानं तंबाखूची पिंक मुद्दाम त्यांच्या बुटाजवळ टाकली.

आत अबरार पाठमोरा बसला होता. पन्नाशीचा, केसांवर, मानेवर प्लॅस्टरची पांढरी भुकटी. बाहेर एवढं झालं तरी तो ब्रशनं एका साच्याला साबण लावत होता.

"साबण कशाला?" मोतीरामांनी विचारलं.

"झडती घ्यायला आला ना तुम्ही? घ्या आणि जा."

"झडती नंतर. साबण कशाला?"

अबरारनं मान वळवली नाही. "प्लॅस्टरवर प्लॅस्टर ओतलं की दोन्ही एकजीव होतात. मग सोडवता येत नाही. मधी साबण पाहिजे." थोडं थांबून तो म्हणाला, "या कारखान्यात मी आणि शेठ, आमच्यामधी साबण नव्हता. तिथंच चुकलं."

"सलीम तुझा साडू आहे."

"आहे. माझ्या पोरीच्या लग्नात जेवणावरनं ताट लाथाडून गेला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. सिन्नरमधी कुणालाही विचारा. पण विचारतंय कोण? नाव शेख आहे ना, पुरे झालं."

"ती नकली किटली तू पाहिलीस?"

"मला कोण दाखवतो? शेठनं कपाटात कोंडलीय. मला नुसत्या शिव्या दाखवल्या."

"आज संध्याकाळी तुला पोलिसात देणार आहेत."

ब्रश थांबला. "देऊ दे. मारतील, सोडतील. पण त्यानंतर नाशिक जिल्ह्यात कुठला पॉटरीवाला मला साच्याच्या खोलीची चावी देईल? आमच्या धंद्यात हात शिकवता येतो, भरवसा नाही. साचेवाला चोर म्हटला की मेला. मला भीक मागावी लागेल साहेब, प्लॅस्टर नाही कालवता येणार."

मोतीराम उठले. दारात एक उंच, शिडशिडीत बाई हाताची घडी घालून उभी होती. त्यांच्याकडं बघून म्हणाली, "त्याला छळून झालं असेल तर माझ्याकडं या. तुमच्या यादीत दुसरं नाव माझंच असणार."

३

ती साधना गाडे, कारखान्याची डिझायनर. मोर तिचाच. तिच्या खोलीत टेबलावर प्लॅस्टरची पांढरी, भरीव किटली होती. एकेक पीस कोरलेलं.

"हे मॉडेल. असं कोरायला मला अख्खा उन्हाळा गेला," ती म्हणाली. "यावरून अबरारभाई साचा घेतात. साच्यात पातळ मातीचा घोळ ओतायचा. प्लॅस्टर पाणी शोषतं, भिंतीला मातीचा थर धरतो, उरलेला घोळ ओतून टाकायचा. थर सुकला की किटली सुटते. मग पहिली भट्टी, तिला आम्ही बिस्किट म्हणतो. मग ग्लेज, म्हणजे काचेसारखा चकाकता लेप, लावून दुसरी भट्टी. समजलं, की फळ्यावर काढून दाखवू?"

"मॉडेल एवढं मोठं का? खंडेरावांच्या टेबलावरची किटली याच्यापेक्षा लहान आहे."

साधनाच्या चेहऱ्यावरची आठी जराशी सैल झाली. "माती सुकताना आणि भाजताना आवळते. तेवढं आधी वाढवून धरावं लागतं."

"तुमचं आणि शेठचं भांडण झालं होतं म्हणे."

"झालं होतं. डब्यावर माझं नाव टाका म्हटलं. ते म्हणाले, डब्यावर मोर असतो, मोराची आई नसते. माझ्याकडं कारण आहे चोरी करायला, भरपूर आहे. लिहून घ्या."

मोतीरामांनी काही लिहून घेतलं नाही. त्यांनी खंडेरावांच्या कपाटातून नकली किटली आणि कारखान्याची पक्की झालेली खरी किटली मागवली. खंडेराव स्वतःच घेऊन आले, कुणाच्या हातात देईनात. मोतीरामांनी खऱ्या किटलीचं झाकण उचललं आणि नकलीवर ठेवलं. झाकण आत बसेना. वरच राहिलं, मोठ्याची टोपी पोराला घातल्यासारखं.

"नकली लहान आहे," मोतीराम म्हणाले. "तुमच्याच साच्यातून काढली असती, तर तुमच्याएवढीच निघायला हवी होती."

साधना झटकन पुढं आली. "तयार किटलीवरूनच कुणी साचा काढला असेल तर त्यातला माल पुन्हा आवळणार. म्हणजे लहान निघणार. शेठ, मला ही आधी का दाखवली नाही?"

"तुम्हाला दाखवायची म्हणजे चोरालाच माल दाखवायचा!" खंडेराव कडाडले. "आणि बोडके, तुम्ही शहाणपणा करू नका. वाघचौरे माती हलक्यातली वापरतो. त्याची माती जास्त आवळते. माझ्या साच्यात ओतली तरी लहानच निघणार. विचारा तुमच्या डिझायनरबाईला."

साधनानं ओठ चावला. "तसंही होऊ शकतं," ती नाइलाजानं म्हणाली.

खंडेरावांनी दोन्ही किटल्या छातीशी धरल्या. "संध्याकाळी पाचला गाडी काढतो. तोवर काय झक मारायची ती मारा."

मोतीरामांचा पहिला धागा हातातच तुटला होता.

४

भट्टीपाशी वाल्मीक होता. काळा, घामानं चकाकणारा, तोंडात सतत काहीतरी चघळणारा.

"लय हुशार समजता काय सोताला?" त्यानं सुरुवातीलाच सुनावलं. "अबऱ्यानंच दिला साचा. दुसरं कोण देईल?"

"तू देऊ शकतोस. भट्टीतून माल तूच काढतोस."

"ए बाबा!" वाल्मीकनं फावडं आपटलं. "भट्टी उघडतो मी, पर माल मोजून आक्कांच्या पाटावर जातो. भट्टीच्या तोंडाशी आक्का खुर्ची टाकून बसत्यात. एक बशी इकडची तिकडं झाली तर माझ्या बापाचा उद्धार करत्यात."

"आणि चिरलेला माल?"

"तिकडं." त्यानं मागच्या कुंपणाकडं बोट केलं. तिथं खापऱ्यांचा एवढा ढीग होता, की त्यावर तरवड उगवला होता. "आक्का वाजवत्यात. थप्प बोलला की हातोडी. आपल्या हातानं फोडत्यात, दुसऱ्याला देत नाय. म्हणत्यात, चिरका माल बाजारात गेला की सांगळ्यांचं नाव चिरतं. माझ्या बायकोनं एकदा एक चिरकी बरणी मागितली, लोणच्याला. आक्कांनी तिच्यासमोर फोडली. बायको आजून बोलत नाय त्यांच्याशी."

आक्काबाई पाटाजवळ होत्या. पुढ्यात भाजलेल्या, अजून ग्लेज न लागलेल्या खरबरीत कपांच्या रांगा. एकेक कप टिचकी खाऊन उजवीकडं जात होता. मोतीराम जवळ जाऊन उभे राहिले.

"आक्काबाई, अबरारनं केलं असेल, असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मालक खंडू हाय."

"वीस वर्षं तुमच्या डोळ्यासमोर होता तो."

"काम करू द्या," त्या म्हणाल्या. हातातला कप त्यांनी वाजवला, उजवीकडं ठेवला, आणि लगेच तोच पुन्हा उचलून पुन्हा वाजवला.

नाशकातलं ते दुकान बघायला मोतीराम फाटकाशी आले तेव्हा एक मोटारसायकल थांबली. चालवणारा तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशात मोबाइल. सकाळपासून त्यांच्याशी हसून बोलणारा हा पहिला माणूस.

"मी महेश. आक्काबाईंचा मुलगा, खंडेराव माझे मामा. नाशकात जायचंय ना? बसा मागं. एसटीची वाट बघाल तर पाच वाजतील."

रस्ताभर महेशच बोलत होता. "अबरारनंच केलं असणार बघा. आणि मामा तरी कुणाला धरून आहेत? मी विक्री बघतो म्हणे. अहो, कसली विक्री, सॅम्पलं पोचवणारा हमाल मी. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला मामा आले, जेवून गेले. पॉटरीचा मालक, पण भाच्याला एक कप दिला नाही हातानं. आईनंच काय दिलं असेल ते."

"आई खूप जीव लावते?"

"एकुलता एक ना मी," महेश हसला.

मेनरोडच्या दुकानात मोतीरामांनी वाघचौऱ्यांच्या तीन किटल्या खरेदी केल्या. दुकानदाराला नवल वाटलं. महेशलाही वाटलं असावं, कारण तो हसायचा थांबला. मोतीरामांनी दारातल्या उन्हात एक किटली धरली आणि फिरवली. मोराच्या पंखाखालून किटलीच्या कानापर्यंत एक केसाएवढी रेघ गेली होती.

"ही नको, हिला तडा गेलाय," दुकानदार म्हणाला. "दुसरी बदलून देतो."

मोतीरामांनी दुसरी किटली फिरवली. मग तिसरी.

तिन्ही किटल्यांना तीच रेघ होती. त्याच पंखाखाली, तशीच वाकडी.

५

"तडा असा ठरल्या जागी जात नाही," मोतीराम साधनाला म्हणाले. परत येताना त्यांनी महेशची मोटारसायकल नको म्हणून रिक्षा केली होती. "एक किटली चिरेल. दोन चिरतील. पण तिन्ही एकाच जागी, एकाच वळणानं? आणि खंडेरावांच्या कपाटातली चौथी, तिलाही असणार. बोट फिरवून बघा. तडा आहे का हा?"

साधनानं नख फिरवलं. "नाही," ती हळूच म्हणाली. "तडा नाही. ही खाच आहे. साच्यातूनच आलेली."

"म्हणजे त्यांचा साचा चिरला होता?"

"उलटं." तिच्या आवाजातला कडवटपणा आता कुठंतरी गेला होता. "साच्याला फट पडली तर घोळ त्या फटीत शिरतो, आणि मालावर रेघ वर उठते, बारीक कण्यासारखी. इथं रेघ आत गेलीय. म्हणजे साच्यावर कणा होता. साच्यावर कणा कधी येतो? ज्याच्यावरून साचा घेतला, त्यालाच फट असेल, आणि ओलं प्लॅस्टर त्या फटीत शिरलं असेल तेव्हा. त्यांनी घाईत फट भरली असेल. भराव प्लॅस्टरच्या ओलीनं खाली बसला आणि वर खाच राहिली."

"तुमच्या प्लॅस्टरच्या मॉडेलला फट आहे?"

"या, बघा. कुठंही नाही. आमच्या एकाही किटलीला ही रेघ नाही."

"मग त्यांनी साचा घेतला तो तडा गेलेल्या किटलीवरून." मोतीराम स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तयार किटल्या खंडेरावांच्या कपाटात कुलपात. त्यातली एक चिरकी असेल?"

"अशक्य. चिरका नग ग्लेजपर्यंत पोचतच नाही. आणि हे बघा, पिसांच्या रेघा किती टोकदार आहेत. ग्लेज लागलेल्या किटलीवरून साचा घेतला असता तर नक्षी बुजली असती. हा साचा बिस्किटावरून घेतलाय. पहिल्या भट्टीतून निघालेल्या किटलीवरून. पण तिथं तर..."

ती बोलता बोलता थांबली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तिथं आक्काबाई बसत होत्या.

आणि तेव्हा मोतीरामांना सकाळी काय खटकलं होतं ते आठवलं.

६

पाचला खंडेरावांची गाडी फाटकाशी उभी होती. मागच्या सीटवर अबरारला बसवायचं होतं. मोतीरामांनी हट्ट धरला, आधी सगळे इथं, साच्यांच्या खोलीत. खंडेराव आले, साधना आली, वाल्मीक आला, महेश आला. आक्काबाईंना बोलावलं तेव्हा त्यांनी काम आहे म्हणून सांगितलं. मोतीराम स्वतः जाऊन त्यांची खुर्ची उचलून घेऊन आले. मग त्यांना यावंच लागलं.

बाहेर दारापाशी कामगार दाटले होते.

"लवकर आटपा," खंडेराव म्हणाले. "मुद्द्याचं बोला."

"मुद्दा एवढाच आहे," मोतीराम म्हणाले. "अबरारच्या कमरेला मूळ साच्याची चावी आहे. साधनाबाईंच्या टेबलावर मॉडेल आहे. त्यांना नक्कल द्यायची असती, तर त्यांनी साचा दिला असता, मॉडेलचा ठसा दिला असता. स्वच्छ, एकही रेघ नसलेला. पण वाघचौऱ्याच्या प्रत्येक किटलीवर तड्याची खूण आहे. त्याला मिळाली ती एक चिरकी, कच्ची, बिनाग्लेजची किटली. ज्याच्या हातात साचा आहे तो चिरकी किटली कशाला देईल?"

दारातली कुजबुज थांबली. अबरारनं पहिल्यांदाच मान वर केली.

"मग वाल्मीकनं!" महेश पटकन म्हणाला. "भट्टी त्याची."

"तुझ्या तर..." वाल्मीक उसळला.

"थांब," मोतीराम म्हणाले. "भट्टीच्या तोंडाशी वाल्मीकनं उचलली असती तर चांगली उचलली असती. चिरकी कुठली, चांगली कुठली, हे तोवर कुणालाच माहीत नसतं. ते कळतं फक्त वाजवल्यावर. म्हणजे ही किटली वाजवून झाल्यावर गेली. आणि तिथून ती कुणी चोरलेली नाही. हातोडी पडायच्या आधी कुणीतरी मागितली, आणि कुणीतरी दिली. चोरायची असती तर शेजारीच चांगल्यांची रांग होती."

खंडेरावांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "बोडके, तुम्ही कुणाबद्दल बोलताय याचं भान आहे का? माझ्या बहिणीनं आयुष्यात एक चिरका नग सोडला नाही! वाल्मीकच्या बायकोला विचारा!"

"म्हणूनच विचारतोय," मोतीराम म्हणाले. त्यांनी वाघचौऱ्याची किटली आक्काबाईंच्या पुढ्यात ठेवली. "आक्काबाई, सकाळी तुम्ही माझा कप वाजवलात. पण ही किटली शेठनी तुमच्यापुढं सरकवली, तेव्हा तुम्ही हात मागं घेतलात. आयुष्यात पुढ्यात आलेलं मातीचं भांडं तुम्ही वाजवल्याशिवाय सोडलं नसेल. ही तेवढी सोडलीत. तुम्हाला ती आधीच माहीत होती. आता वाजवा."

"माझ्या आईला हात लावायला..." महेश पुढं झाला. मोतीरामांनी नुसता तळहात दाखवला, पोलिसात असताना दाखवायचे तसा, आणि तो थांबला.

आक्काबाई किटलीकडं बघत राहिल्या. खोटं सांगणं अवघड नव्हतं. टिचकी मारून 'चिरकी आहे' एवढं म्हणायचं होतं. रेघ तर सगळ्यांना दिसत होती. मग हा साधा तडा ठरला असता, मोतीराम मूर्ख ठरले असते आणि अबरार गाडीत बसला असता.

त्यांनी पेर वाकवलं आणि टिचकी मारली.

किटली देवळातल्या घंटेसारखी वाजली. आवाज खोलीत बराच वेळ रेंगाळला.

"ठणठणीत हाय," आक्काबाई म्हणाल्या. "तडा नाय हिला. हिच्या आईला होता." त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "पंखाखालनं कानाकडं वळलेला. परवा खंडूनं आणली तवाच वाजवली मी, कुणी नव्हतं तवा. तवाच वळखला."

"आई, गप्प बस!" महेश ओरडला.

"तूच गप्प बस!" म्हातारीचा आवाज एकदम चढला. "म्हणला, आई, मामा काय देत नाय, निदान एक चिरकी किटली दे, देवापुढं झेंडू ठेवीन. हातोडी उचलली हुती मी. वाटलं, घरातच तर चाललीय. घरातली वस्तू घरात. वाल्मीकच्या बायकोसमोर बरणी फोडताना मला काय वाटलं नाय, आन् तुझ्यापुढं हात आखडला. काय देतो म्हणला रं तो वाघचौरे तुला? पार्टनर करतो म्हणला?"

महेशच्या इस्त्रीच्या शर्टाला काखेत घामाचे डाग पडले होते. तो दाराकडं वळला. कामगारांनी वाट दिली नाही, लवकर दिली नाही. शेवटी तो अंग चोरत बाहेर पडला. मोटारसायकलचा आवाज हायवेकडं विरत गेला.

खंडेराव घसा खाकरून म्हणाले, "झालं ते झालं. घरातली गोष्ट आहे. घरातच मिटवू. कुणी बाहेर बोलायचं नाही. अबरार, तू कामाला लाग."

"नाय," आक्काबाई उठल्या. दारापाशी गेल्या आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चोरी सांगळ्यांच्या घरातनं झाली. माझ्या हातानं. अबरारनं काय केलं नाय. ज्यानं त्याच्या दारावर बरणी मारली त्यानं येऊन खापऱ्या उचलाव्यात."

मग तोच पिंक टाकणारा पुढं आला, खाली बसला आणि खापऱ्या गोळा करू लागला.

अबरार जागचा उठला होता. "आक्का," तो म्हणाला, "परवापासनं तुम्हाला माहीत होतं."

"हुतं."

"मला गाडीत घालणार होते. तेव्हाही माहीत होतं."

"हुतं."

त्यानं मान हलवली. कमरेची चावी सोडली आणि खंडेरावांच्या पुढ्यात, साबणाच्या भांड्याशेजारी ठेवली. मग आपला ब्रश, आपली पातळ सुरी, घासून अर्धी झालेली पत्र्याची खरवडणी, असं एकेक फडक्यात बांधलं.

"अरे, आता कुठं चाललास?" खंडेराव गोंधळले. "नाव साफ झालं ना तुझं?"

"झालं ना," अबरार म्हणाला. "म्हणूनच जातोय. सकाळी गेलो असतो तर चोर म्हणून गेलो असतो. आता साचेवाला म्हणून जातो. काम मिळेल मला."

तो साधनाला सलाम करून निघाला. मोतीरामांजवळ क्षणभर थांबला आणि फडकं बगलेत मारून पुढं गेला. सकाळी साबणाबद्दल विचारून झाल्यावर त्यांनीही, बाकीच्यांसारखंच, त्याला साडूबद्दल विचारलं होतं. तो ते विसरला नव्हता, आणि मोतीरामांनाही ते कळत होतं.

भट्टीपाशी दुपारचा माल तसाच पडून होता. मोतीराम फाटकाकडं निघाले तेव्हा आक्काबाई पुन्हा पाटाजवळ जाऊन बसल्या होत्या. त्यांनी एक कप उचलला. टिचकी मारली. कप हातात धरून बसून राहिल्या, उजवीकडंही ठेवेनात, हातोडीकडंही नेईनात.

"वाल्मीक," त्यांनी हाक मारली. आजवर त्यांनी हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. "हा कसा वाजला रं?"

वाल्मीक फावडं टेकून उभा राहिला. "बरा वाजला, आक्का," तो म्हणाला.

"नीट ऐक," आक्काबाई म्हणाल्या, आणि पुन्हा टिचकी मारली.